राउंडहाऊस किक जोरात बसते, पण उशिरा पोचते. वेग कसा वाढवायचा?

डावा_पाय

तायक्वांदो करतो. मागच्या पायाची राउंडहाऊस म्हणजे डोल्यो चागी (बाजूने फिरवून मारायची किक) बॅगवर दणकून बसते, पण स्पारिंगमध्ये समोरच्याला ती निघतानाच दिसते. तो अर्धं पाऊल मागे सरकतो आणि किक हवेत जाते.

मोबाइलवर स्लो मोशनमध्ये बाजूने शूटिंग केलं, सेकंदाला २४० फ्रेम. किक कंबरेच्या उंचीची. अंगाची पहिली हालचाल दिसते तिथपासून पाऊल बॅगला टेकेपर्यंत ९६ फ्रेम जातात, म्हणजे ०.४ सेकंद.

सध्याचा सराव असा: आधी खाली बसून मोठे स्ट्रेच, मग टेक्निक, मग स्पारिंग आणि सगळ्यात शेवटी घोट्याला एकेक किलोची वजनं बांधून दम निघेपर्यंत किक.

विचारायचं हे, की वजनं वाढवू का? किकची संख्या वाढवू का? की जिममध्ये पायांची ताकद वाढवली तर वेग आपोआप येईल? नेमकं उत्तर हवं आहे, "सराव करत राहा" एवढंच नको.

चवडा

तिन्हीपैकी एकही लगेच करू नका. आधी त्या ०.४ सेकंदाचे तुकडे पाडा. त्याच व्हिडिओत तीन फ्रेम शोधा: मागचं पाऊल जमिनीवरून सुटतं ती, गुडघा घडी होऊन लक्ष्याकडे रोखला जातो ती, आणि पाऊल बॅगला टेकतं ती. २४० च्या शूटिंगमध्ये एक फ्रेम म्हणजे साधारण ४.२ मिलिसेकंद. कोणता तुकडा लांबलाय हे कळल्याशिवाय उपाय सुचवणं म्हणजे अंदाजपंचे काम.

तरी जे सर्रास दिसतं ते सांगतो. वेळ सगळ्यात जास्त पहिल्या तुकड्यात वाया जातो, म्हणजे पाऊल जमिनीवर असतानाच. कारणं बहुधा हीच असतात:

पवित्रा फार लांब. दोन पावलांतलं अंतर खांद्यांच्या रुंदीच्या दीडपटीपेक्षा जास्त झालं, की मागचा पाय उचलण्याआधी अख्खं अंग पुढे ओढून आणावं लागतं.

मागची टाच टेकलेली. टाच आधी उचलायची आणि मग चवड्याने ढकलायचं, अशा दोन पायऱ्या होतात. टाच आधीपासूनच कागद सरकेल इतकी वर हवी.

वजन मागच्या पायावर. ते पुढे गेल्याशिवाय मागचा पाय सुटतच नाही. ५०-५० ठेवा, हवं तर पुढे किंचित जास्त.

किकआधीचा झोका. खांदा खाली जातो, त्या बाजूचा हात मांडीकडे पडतो, डोकं दोन-चार सेंटिमीटर खचतं. व्हिडिओत डोक्याच्या उंचीवर पट्टी धरून बघा, लगेच दिसेल.

पुढचं पाऊल आधीच बाहेर वळवणं. हे मी मुद्दाम वेगळं सांगतोय, कारण शिकवताना "पिव्हट कर, पिव्हट कर" ऐकून मुलं पिव्हट आधी उरकून टाकतात आणि मग किक मारतात. समोरच्याला त्यात पूर्ण सूचना मिळते. पुढचं पाऊल वळायला लागायचं ते मागचा गुडघा पुढच्या गुडघ्याला ओलांडत असताना. आधी नाही, नंतरही नाही.

दुसरा तुकडा गुडघ्याच्या वाटेचा. पाय बाहेरून गोल फिरून येत असेल तर पाऊल जास्त अंतर कापतं. शिवाय पाय लांब असताना फिरवायला जड जातो. फिरवण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून तोच पाय गुडघ्यात घट्ट दुमडला की खुब्याभोवती खूप हलका फिरतो. हात पसरून गिरकी घेणारा माणूस हात छातीशी घेताच भरभर फिरतो, तसंच. म्हणून टाच नितंबाकडे येऊ द्या, गुडघा सरळ रेषेत पुढे आणा आणि कंबर शेवटी उलटवा.

यासाठी भिंतीचा सराव करा. किक मारणारा पाय भिंतीच्या बाजूला ठेवून पवित्रा घ्या. भिंत गुडघ्यापासून साधारण एका वितीवर. आता गुडघा पुढे-वर आणा आणि परत ठेवा. गुडघा किंवा पाऊल भिंतीला घासलं तर पाय बाहेरून येतोय. इथे नडगी सोडायची नाही, फक्त गुडघा. प्रत्येक पायाला ५ वेळा, ३ सेट. सावकाश जमलं की झटक्याने.

तिसरा तुकडा नडगी सुटण्याचा. इथे लोक जोर लावतात आणि तिथेच घोटाळा होतो. गुडघा सरळ करणारा स्नायू मांडीच्या पुढे, दुमडणारा मागे. अंग आवळलेलं असेल तर दोन्ही एकदम काम करतात आणि मागचा पुढच्याला ब्रेक लावतो. मांडी लक्ष्याच्या रेषेत येऊन मंदावते तेव्हा तिची गती नडगीकडे जाते. तुम्ही तिला फक्त आडवं यायचं नाही. मुठी सैल, जबडा सैल, घोटा टेकायच्या क्षणी ताणलेला. श्वास टेकताना छोटा "हुस्स" असा सोडा. दम रोखून किक मारणाऱ्याचे खांदे कानाला लागलेले दिसतात.

आणि पाऊल टेकल्यावर नडगी लगेच परत दुमडा, म्हणजे कराटेवाले ज्याला हिकिआशी म्हणतात ते. परत ओढायचं डोक्यात असलं की पाय पुढे रेटला जात नाही. मात्र परत ओढायची घाई टेकण्याआधी झाली, तर किक लक्ष्याच्या अलीकडेच मंदावते. पाऊल लक्ष्याच्या दोन-तीन बोटं आत जाऊ द्या, मग ओढा.

बॅगबद्दल एक. बॅग झोक्यासारखी लांब जात असेल तर तुम्ही ढकलताय. वेगाच्या किकने बॅग जागच्या जागी आत दबते आणि आवाज आखूड येतो.

तीन_मिनिटं

चवडा यांनी तंत्र सांगितलं, मी सरावाच्या मांडणीबद्दल लिहितो. मूळ प्रश्नातली मोठी चूक तिथे आहे.

शेवटी, थकल्यावर, वजनं बांधून, दम निघेपर्यंत. या सरावाने दमसास वाढेल, पण पाय शिकेल ते सावकाश किक मारायला. पूर्ण वेगाच्या हालचालीला लागणारी ऊर्जा स्नायूंतल्या फॉस्फोक्रिएटिनमधून येते. पूर्ण जोराच्या कामात ती साधारण दहा सेकंदांत बरीचशी संपते आणि भरून यायला काही मिनिटं लागतात. न थांबता किक मारत राहिलात तर थोड्याच वेळात तुम्ही वेगाचा सराव करतच नसता.

म्हणून वेगाचं काम वॉर्म-अपनंतर लगेच, ताज्या पायांनी करायचं:

एका सेटमध्ये एकाच पायाच्या ३ ते ५ किक, प्रत्येक पूर्ण वेगाने. दोन किकमध्ये २–३ सेकंद थांबून पवित्रा नीट घ्यायचा. सेट झाला की ९० सेकंद ते २ मिनिटं विश्रांती, दुसऱ्या पायाचा सेट त्या वेळेत बसवू नका. प्रत्येक पायाला ४ ते ६ सेट. म्हणजे एका पायाच्या जास्तीत जास्त तीस किक. कमी वाटतात ना? पूर्ण वेगाने मारून बघा.

थांबायचा नियम ठरलेला हवा. पॅडलवरचा (जोडीदाराने हातात धरायच्या चपट्या पॅडवरचा) आवाज बोथट झाला किंवा झोका परत दिसायला लागला, की त्या पायाचं काम त्या दिवसापुरतं संपलं. उरलेले सेट सोडून द्यायचे. "ठरलेत म्हणून पूर्ण करतो" ही सवय दमसासाच्या सरावात चांगली, इथे वाईट.

आठवड्यात असे दोन दिवस पुरतात, जास्तीत जास्त तीन, मध्ये ४८ तासांचं अंतर ठेवून. बाकी दिवशी तंत्र, स्पारिंग, दमसास काय हवं ते करा. दमसासाच्या किकही लागतात, सामन्यात दोन-तीन फेऱ्या काढायच्या असतात. फक्त त्या वेगळ्या खात्यात ठेवा.

वजनांचं: घोट्याला एक किलो बांधणं म्हणजे पायाच्या अगदी टोकाला, खुब्यापासून सर्वात दूर, वजन जोडणं. त्याने किकचा अख्खा ताल बदलतो. गुडघा आधी, नडगी नंतर हा क्रम मोडतो आणि पाय एकसंध काठीसारखा यायला लागतो. वर नडगी झटक्याने सुटली की गुडघ्याच्या सांध्याला ते टोकाचं वजन थांबवावं लागतं. बांधून झटक्याची किक कधीच नको. वजनं वापरायचीच असतील तर भिंतीला धरून सावकाश: गुडघा वर, ३ सेकंद थांबा, नडगी सावकाश सरळ, ३ सेकंद, घडी, खाली. ६ वेळा, २–३ सेट. यातून पाय वर धरायची ताकद येते. वेग येतो असं मात्र समजू नका.

वजनापेक्षा रबर बँड बरा. बँडचं एक टोक मागे घोट्याच्या उंचीवर खांबाला, दुसरं टोक किकच्या पायाला गुडघ्याच्या किंचित वर. बँड इतकाच हलका, की गुडघ्याचा वेग नजरेला कमी झालेला दिसू नये. फक्त गुडघा पुढे आणायचा, ४–५ वेळा. मग बँड काढा, एक मिनिट थांबा आणि ३ मोकळ्या किक मारा. असे ३–४ फेरे. बँड जड घेतला की धड पुढे वाकतं आणि तुम्ही पोटाने ओढता, हे आरशात बघा. वापरण्याआधी बँडवर चिरा आहेत का तपासा आणि गाठ मारू नका, गाठीपाशीच तुटतो.

आता जिम. ताकद वाढली की वेग आपोआप येईल का? ज्याचे पाय कमकुवत आहेत त्याला पहिल्या काही महिन्यांत नक्की फायदा होतो, कारण पहिला तुकडा, म्हणजे जमीन ढकलणं, ताकदीवरच चालतो. पुढे फायदा कमी होत जातो. आठवड्यात दोन दिवस एवढं पुरे:

स्क्वॉट ३–५ रेप (म्हणजे आवर्तनं), ३–४ सेट. वजन असं, की अजून दोन रेप निघाल्या असत्या. वर येताना झटक्याने उठायचं.
रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून, खुब्यातून झुकत वजन उचलणं) ५–६ रेप, ३ सेट. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी. नडगी परत दुमडणं आणि सरळ होत असलेला गुडघा थांबवणं, दोन्ही त्याचं काम.
एका पायावर पोटरी उचलणं ८–१० रेप, ३ सेट. पिव्हट चवड्यावर होतो, पोटरी ढिली असेल तर टाच मॅटवर घासते.
कोपनहेगन प्लँक (कुशीवर, वरचा पाय बाकावर टेकवून अंग उचलून धरणं) प्रत्येक बाजूला १५–२० सेकंद, २–३ सेट. जांघेच्या स्नायूंसाठी.
उभ्या उड्या ५ च्या ३ सेटमध्ये, आणि दोन्ही पायांनी घोट्यातून छोट्या टणाटण उड्या १०–१५ च्या २ सेटमध्ये. या उड्यांत गुडघे जवळपास सरळ, जमिनीला कमीत कमी वेळ टेकायचं.

हे जड काम वेगाच्या सरावाच्या आदल्या संध्याकाळी ठेवू नका. त्याच दिवशी करायचं असेल तर आधी किक, मग जिम.

डावा_पाय

दोघांचेही आभार. तुकडे मोजले: पहिल्या हालचालीपासून पाऊल सुटेपर्यंत ४० फ्रेम, तिथून गुडघा रोखला जाईपर्यंत ३२, आणि पुढे बॅगपर्यंत २४. डोकंही खाली जातंय, चवडा म्हणतात तसंच.

आणखी दोन शंका. सुरुवातीचे बसून केलेले स्ट्रेच बंद करायचे का? ते केले नाहीत तर डोक्याच्या उंचीची किक जात नाही असं वाटतं. आणि गुडघा वर घेताना खुब्याच्या पुढच्या घडीत काहीतरी चिमटल्यासारखं होतं. ते कशामुळे?

चवडा

मग उत्तर तुमच्या आकड्यांतच आहे. शेवटच्या २४ फ्रेम म्हणजे ०.१ सेकंद. तिथे काही बिघडलेलं नाही, नडगीच्या वेगाच्या मागे लागू नका. पहिल्या ४० फ्रेम म्हणजे ०.१६७ सेकंद तुमचं पाऊल अजून जमिनीवर आहे आणि अंग हललेलं समोरच्याला दिसतंय. डोक्याचा झोका आणि टाच, आधी एवढंच हातात घ्या. पुढचे काही आठवडे दुसरं काही बदलू नका.

तुम्ही बाउन्स करत, म्हणजे पवित्र्यात हलकं उसळत असाल तर अजून एक. किक बाउन्सच्या तळाशी निघाली पाहिजे, पावलं टेकून पोटरी ताणली जाते त्या क्षणी. तिथे जमीन ढकलायला मिळते, आणि खाली येणं बाउन्सचाच भाग असल्याने वेगळा झोका दिसत नाही. बाउन्सच्या वरच्या टोकाला किक ठरवली तर पाय हवेत असतात, खाली येईपर्यंत वाट बघावी लागते.

खुबा

स्ट्रेचबद्दल. एकाच स्नायूला मिनिटभर किंवा जास्त वेळ स्थिर ताणून धरलं तर त्यानंतर थोडा वेळ त्याचा झटका कमी पडतो. १५–२० सेकंदांच्या छोट्या स्ट्रेचचा परिणाम नगण्य. त्यामुळे बंद नका करू, जागा बदला. लांब स्ट्रेच सरावाच्या शेवटी किंवा वेगळ्या वेळी. सुरुवातीला ५ मिनिटं हलकं धावणं किंवा दोरीवरच्या उड्या, मग पाय पुढे-मागे आणि आडवे झोके, प्रत्येकी १०–१२, उंची हळूहळू वाढवत. मग गुडघ्याने खुब्यातून मोठे गोल, आतून बाहेर आणि बाहेरून आत. मग निम्म्या वेगाने काही किक. पहिलीच किक पूर्ण उंचीची, पूर्ण वेगाची नको. मांडीचा मागचा स्नायू असाच दुखावतो.

उंचीबद्दल मात्र एक चाचणी करा. भिंतीला एक हात लावून उभे राहा. दुसऱ्या हाताने पाय धरून किकच्या स्थितीत जितका वर जाईल तितका न्या आणि हात सोडा. पाय कुठे येऊन थांबतो? हात सोडल्यावर तो जर एक-दीड वीत खाली आला, तर तुमच्याकडे लवचीकता आहे, पाय तिथे धरायची ताकद नाही. मग आणखी स्प्लिट करून वेग वाढणार नाही. तिथेच धरायचा सराव हवा: हात सोडून ५ सेकंद, ४–५ वेळा, दोन्ही पायांना, आठवड्यात ३ दिवस. उलट हाताने धरूनही पाय कंबरेच्या वर जात नसेल, तर स्ट्रेचच हवेत.

खुब्यातल्या चिमट्याबद्दल. तुमच्या टेकलेल्या पावलाकडे बघा. पाऊल पुढेच रोखलेलं असताना गुडघा वर आणि आत आणला, की मांडीचं हाड खुब्याच्या वाटीच्या पुढच्या कडेला जाऊन अडतं. पाऊल वळलं, टाच लक्ष्याकडे आली आणि कंबर उलटली, की मांडीला जागा मिळते. कंबरेच्या उंचीला टाच किमान नव्वद अंशांहून जास्त वळलेली हवी, डोक्याच्या उंचीला जवळपास पूर्ण लक्ष्याकडे. मॅटही तपासा. मऊ फोमची मॅट चवड्याला धरून ठेवते, टाच जरा जरी टेकली तरी पाऊल अडकतं आणि वरचं अंग फिरतं. तो पीळ मग थेट टेकलेल्या गुडघ्यात जातो. फोमवर पिव्हट करताना टाच नेहमीपेक्षा जास्त उचला.

काहींच्या खुब्याच्या हाडाची ठेवणच अशी असते, की एका मर्यादेपुढे सांधा अडतो. पाऊल वळवूनही चिमटा राहिला, सांध्यात अडकल्यासारखं किंवा कट्ट असं झालं, बसून उठताना जांघेत दुखायला लागलं, तर ताणून काढायचा प्रयत्न करू नका. ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. चिमट्याच्या जागी जोर लावून स्ट्रेच केल्याने ते वाढतं.

आणि हवेतल्या किक. समोर काही नसताना नडगी पूर्ण वेगाने सोडली, तर तिला थांबवायचा सगळा ताण मांडीच्या मागच्या स्नायूवर आणि गुडघ्याच्या सांध्यावर येतो. हवेत मारताना ७० टक्के वेग, आणि गुडघा पूर्ण सरळ होण्याआधी दुमडा. पूर्ण वेग फक्त पॅडलवर.

नडगी_आडवी

गुडघा घट्ट दुमडा हे सगळ्या किकना लागू नाही, वाचणाऱ्यांतले मुए थाईवाले (थायलंडच्या बॉक्सिंगचे) गोंधळतील म्हणून लिहितोय. मुए थाईची राउंडहाऊस नडगीने लागते. तिथे पाय अर्धवटच दुमडलेला असतो, पाऊल बाहेर तिरकं टाकून कंबर आणि पाय एकत्र फिरतात आणि किकच्या बाजूचा हात खाली झटकला जातो. तो हात तिथे चूक नाही, कंबरेच्या फिरण्याला तोल देतो. या किकचं काम समोरच्याच्या हातावर, बरगडीवर किंवा मांडीवर वजन टाकणं, फक्त टेकून गुण घेणं नाही. वेग वाढवायचा तर तिथे बाहेरच्या पावलाची तयारी छोटी करा: पाऊल फार लांब टाकलं की तिथेच सगळं उघड होतं. साधारण एक पाऊलभर तिरकं पुरतं. उरलेलं, म्हणजे सैल अंग, ताजे पाय, मोजक्या किक, हे तिथेही जसंच्या तसं.

पॅडल_धरणारा

एक गोष्ट सुटली. किक ०.४ सेकंदाची ०.३ झाली तरी समोरचा तुमच्याकडेच बघत, काही न करता उभा असेल, तर तो बघूनच निसटणार. दिसलेल्या गोष्टीला साधा प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण ०.२ ते ०.२५ सेकंद लागतात. म्हणून किक कधी निघते यावर निम्मा खेळ आहे. त्याचं वजन पुढच्या पायावर येत असताना, तो पाऊल टाकत असताना, किंवा त्याची स्वतःची किक नुकतीच खाली टेकत असताना. त्या क्षणी त्याला मागे सरकायला आधी वजन हलवावं लागतं. तेवढा वेळ तुम्हाला फुकट मिळतो.

याचा सराव पॅडलवर असा. धरणारा पॅडल मांडीमागे लपवून फिरत राहतो. मध्येच, तालात नाही, कंबरेच्या उंचीवर दाखवतो आणि साधारण अर्ध्या सेकंदाने काढून घेतो. मारणाऱ्याने दिसताक्षणी मारायचं. चुकली तर चुकली, पाठलाग करून मारायची नाही. ५ वेळा, मग दीड मिनिट विश्रांती, ४ फेरे. हे जमलं की दोन पर्याय द्या: पॅडल कंबरेला दिसलं तर मागच्या पायाने, डोक्याला दिसलं तर पुढच्या पायाने. निवड आली की प्रतिसाद मंदावतो, ते स्वाभाविक आहे, पण स्पारिंगमध्ये नेहमी निवडच असते. तिसरी पायरी: धरणाऱ्याने अर्धं पाऊल पुढे टाकलं की तोच इशारा, पॅडल त्यानंतर येतं. म्हणजे मारणारा पॅडलला नाही, पावलाला प्रतिसाद द्यायला शिकतो. ही तिसरी पायरी लोक गाळतात, आणि खरं तर स्पारिंगच्या सगळ्यात जवळची तीच आहे.

धरणाऱ्याच्या चुकांनीही सराव वाया जातो. सर्वात मोठी म्हणजे पॅडल किकच्या दिशेने आपटणं. आवाज मस्त येतो, मारणारा खूश होतो, आणि किक प्रत्यक्षात मंद आहे हे दोघांनाही कळत नाही. पॅडल स्थिर धरा, मनगट सैल, सपाट बाजू किकच्या वाटेला काटकोनात, आणि तुमच्या गुडघ्यापासून आणि कोपरापासून लांब. अंतर दर दोन-तीन किकनंतर बदला. एकाच अंतरावर पाठ झालेली किक स्पारिंगमध्ये तोकडी पडते.

पुढच्या पायाकडेही लक्ष द्या. त्याला कापायचं अंतर कमी, म्हणून तो मुळातच लवकर पोचतो, जोर मात्र कमी. २०१२ च्या लंडनपासून ऑलिंपिक तायक्वांदोत इलेक्ट्रॉनिक (लागलेली किक सेन्सरने ओळखणारे) छाती-रक्षक आले आणि २०१६ च्या रिओत डोक्याचं रक्षकही इलेक्ट्रॉनिक झालं. त्यानंतर पुढचा पाय उचलून धरून खेळणं किती वाढलं हे सामने बघणाऱ्या कुणालाही दिसेल. पुढच्या पायाच्या किकने समोरच्याला गुंतवायचं, आणि तो ती झटकत असताना मागच्या पायाची राउंडहाऊस. मग तीच ०.४ सेकंदाची किकसुद्धा लागते, कारण त्याचं लक्ष दुसरीकडे असतं. तंत्र सुधारेपर्यंत हे करायला हरकत नाही.

डावा_पाय

पाऊल बघून मारायचा सराव कधीच केलेला नाही, तो सुरू करतो. वजनं काढून ठेवली. शेवटचं विचारतो: फरक पडतोय की नाही हे मोजायचं कसं? दर वेळी आकडे एक-दोन फ्रेम इकडेतिकडे येतात.

चवडा

एक-दोन फ्रेमचा फरक मोजण्यातलाच असतो. पहिली हालचाल कुठली धरायची यात एक-दोन, टेकण्याच्या फ्रेममध्ये एक. त्यामुळे ९६ चे ९४ झाले तर ते सुधारणेत धरू नका. ८८ झाले तर धरा.

मोबाइल स्टँडवर, कंबरेच्या उंचीवर, किकच्या रेषेला काटकोनात, दर वेळी त्याच अंतरावर आणि त्याच जागी. जमिनीवर चिकटपट्टीने पावलांच्या खुणा करा. प्रकाश भरपूर ठेवा, कमी प्रकाशात पाऊल धूसर दिसतं आणि टेकण्याची फ्रेम ओळखता येत नाही. काही फोन स्लो मोशनच्या क्लिपची सुरुवात आणि शेवट साध्या वेगाने दाखवतात, म्हणून सेकंदांवरून हिशोब करू नका, फ्रेम एकेक करून पुढे सरकवत मोजा.

वॉर्म-अपनंतर, थकण्याआधी, ५ किक मारा, दोन किकमध्ये अर्धा मिनिट. पाचही आकडे लिहा आणि चढत्या क्रमाने लावून मधला धरा. सर्वोत्तम धरला तर एका नशिबाच्या किकवर महिनाभर खूश राहाल. तीन तुकडे वेगळे लिहायचे, आणि चौथाही: टेकल्यापासून पाऊल परत जमिनीवर येईपर्यंत. तो लांबलेला असेल तर पुढची किक, मग पहिली कितीही जलद असो, उशिराच निघणार.

हे दर दोन आठवड्यांनी पुरे. पहिला तुकडा लवकर कमी होतो, कारण तिथे फक्त सवय मोडायची असते. दुसरा ताकदीबरोबर हळूहळू. आणि एक गोष्ट दर मोजणीत बघा: एकूण आकडा कमी झाला, पण डोकं पुन्हा खचायला लागलं, तर सरावाच्या किक थोड्या कमी करा आणि भिंतीच्या सरावाला परत या.